साडेसतरा वर्षांचा भाचा, फुटाळ्यावरची गांजाची केस आणि घरातली घाई: नेमकं काय करावं?

त्रिमूर्तीनगरचा_मामा

नमस्कार मंडळी. वकील, डॉक्टर, समुपदेशक जे कोणी इथे असाल त्यांच्याकडून नेमकी माहिती हवी आहे. धीर देणारे घरी पुष्कळ आहेत.

भाचा बारावीला, वय १७ वर्षं ५ महिने. नाव कॉलेजात, शिक्षण कोचिंगला, म्हणजे आपल्याकडे चालते तशी डमी अ‍ॅडमिशन. मागच्या आठवड्यात इथे नागपुरात फुटाळा तलावाजवळ तिघा पोरांना पोलिसांनी धरलं. त्यातला एक १९ वर्षांचा, त्याच्या बॅगेत ६० ग्रॅम गांजा. भाच्याच्या खिशात ८ ग्रॅम. भाऊजींची मोटरसायकल तिथेच उभी होती, ती ठाण्यात जमा आहे. दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळापुढे नेलं आणि भाऊजींच्या हमीवर सोडलं. पुढची पेशी तीन आठवड्यांनी.

घरी आल्यावर बहिणीला त्याच्या कपाटात बोटाएवढ्या रिकाम्या झिपच्या पिशव्या आणि गुंडाळी केलेली दहाची नोट सापडली. मागचे दोन-तीन महिने दोन रात्री जागा राहायचा आणि मग दिवसभर मेल्यासारखा झोपायचा. आम्हाला वाटलं अभ्यासाचं टेन्शन.

आता घरात चार गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. भाऊजींनी शहराबाहेरच्या एका व्यसनमुक्ती सेंटरशी बोलणी केली. ते म्हणतात चार माणसं पाठवून रात्री उचलून नेतो, सहा महिने भेटायचं नाही. एक ओळखीचा म्हणतो पैसे द्या, केसमधून नाव काढून देतो. कॉलेजवाले म्हणतात गुपचूप टीसी घ्या. आणि बहीण म्हणते त्याच्या मोबाइलमधलं सगळं डिलीट करून टाक. यातलं काय करावं आणि काय अजिबात करू नये?


काळाकोट_सिव्हिललाइन्स

मामा, चारही थांबवा. निदान पेशीपर्यंत. केस लहान आहे, पण या चार गोष्टींपैकी प्रत्येक गोष्ट तिला मोठी करू शकते.

आधी वजन. गांजाची 'अल्प मात्रा' १ किलोपर्यंत धरतात आणि 'व्यापारी मात्रा' २० किलोपासून. ८ ग्रॅम काय किंवा तिघांचं मिळून ६८ ग्रॅम काय, एनडीपीएस कायद्याच्या (म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याच्या) कलम २० मध्ये अल्प मात्रेला जास्तीत जास्त १ वर्ष शिक्षा किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सेवनाचं कलम २७ लावलं असेल तर गांजासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जामीन अवघड करणारं जे कलम ३७ पेपरात वाचता, ते व्यापारी मात्रेसाठी आणि २७अ (नशेच्या धंद्याला पैसा पुरवणं) सारख्या मोजक्या कलमांसाठी आहे. ते इथे येतच नाही.

दुसरं म्हणजे हे सगळं मोठ्या माणसाचं झालं. पोरगा १८ च्या आतला, त्यामुळे त्याला बाल न्याय कायदा २०१५ लागू. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा तिथे 'किरकोळ' या वर्गात येतो. चौकशी पहिल्या हजेरीपासून ४ महिन्यांत संपवायची, फार तर २ महिने वाढवून मिळतात, आणि किरकोळ गुन्ह्याची चौकशी त्या वाढीव मुदतीतही संपली नाही तर ती बंदच होते (कलम १४). सात महिन्यांनी तो १८ पूर्ण करेल म्हणून घरच्यांना धास्ती असेल, तर कलम ५ पहा: चौकशी चालू असताना वय पूर्ण झालं तरी ती मंडळापुढेच चालते. १९ वर्षांच्या मित्राची केस वेगळी होऊन नेहमीच्या कोर्टात जाईल, दोघांची एकत्र चालवता येत नाही (कलम २३).

एरवी किरकोळ प्रकरणात मुलावर एफआयआर न करता फक्त डायरीत नोंद घेतात. इथे सोबत सज्ञान आरोपी आहे, म्हणून एफआयआर झाला असणार. त्याची प्रत आणि जप्ती पंचनाम्याची प्रत मिळवा. पंचनाम्यात एकच गोष्ट बारकाईने बघा: कोणाकडून किती मिळालं हे वेगवेगळं लिहिलंय, की 'तिघांच्या ताब्यातून ६८ ग्रॅम' असं एकत्र? एनडीपीएसचं कलम २९, म्हणजे कट आणि चिथावणी, लावलंय का? आज मात्रा लहान आहे म्हणून फरक दिसत नाही. पण उद्या त्या १९ वर्षांच्याच्या खोलीत दीड किलो सापडला, तर एकत्र लिहिलेला पंचनामा भाच्याला त्या दीड किलोशी जोडायला वापरला जाईल. मुलाला सही करायला लावलेला एखादा जबाब असेल तर वकिलाला तो लगेच दाखवा. विधिसंघर्षग्रस्त बालकाकडून, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या १८ खालच्या मुलाकडून, जबाबावर सही घेऊ नये, बेड्या घालू नयेत, लॉकअपमध्ये ठेवू नये असं नियमच सांगतात. आणि एनडीपीएस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तोफानसिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

वयाचा कागद: पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला, ते नसेल तर महानगरपालिकेच्या जन्मदाखल्याला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी (कलम ९४). दोन कागदांवर तारखा वेगळ्या असतील तर पेशीच्या आधी वकिलाला सांगा, मंडळापुढे नको.

मोबाइल. बहिणीला हात जोडून सांगा, काही डिलीट करू नका. फोन जप्त झाला तर चॅट परत काढता येतात. तेव्हा 'मित्राकडून दोनशेची पुडी घेतली' हे चॅट सापडणं वेगळं आणि केस झाल्यावर ते पुसलेलं सापडणं वेगळं. दुसऱ्यात पुरावा नष्ट केल्याचा प्रश्न बहिणीवरही येतो.

'नाव काढून देतो'वाला. एफआयआरमधून नाव कोणी काढत नाही. लाच देणाराही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ पासून सरळ गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर ७ दिवसांत कळवावं लागतं, आणि लाचलुचपत विभागाचा क्रमांक १०६४. असा माणूस एकदा पैसे घेऊन थांबत नाही, तुमचं घर त्याला सापडलेलं असतं.

वकील परवडत नसेल किंवा कोण घ्यावा कळत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलाला मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००. एनडीपीएसच्या मोठ्या केसेस लढणारा नामांकित वकील इथे गरजेचा नाही. मंडळापुढे नेहमी उभा राहणारा बघा. तिथली भाषा वेगळी असते. एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते बसलेले असतात आणि त्यांना 'हा मुलगा आता काय करतोय' हे ऐकायचं असतं. साक्षीदाराला घाम फोडणारी उलटतपासणी तिथे कोणाला प्रभावित करत नाही.

मोटरसायकलचं खाली वेगळं लिहितो, तो विषय लोक विसरतात आणि नंतर रडतात.


संत्रा_बर्फी

मी तर म्हणतो काही दिवस पोट्ट्याला गावाला पाठवा ना. काटोल, नरखेड कुठे आजी-आजोबा असतील तिकडे. संगत तुटली की अर्धं काम झालं.


काळाकोट_सिव्हिललाइन्स

@संत्रा_बर्फी जामिनावर असलेल्या मुलाला पत्ता बदलून ठेवायचं असेल तर मंडळाला अर्ज देऊन. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) गृहभेटीला आला आणि मुलगा घरी नाही, तर अहवालात पहिली ओळ तीच पडते.

आता मोटरसायकल. दोन वेगवेगळे धोके आहेत.

एक, मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ, २०१९ च्या दुरुस्तीतलं. अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना सापडला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लर्निंग लायसन्स मिळत नाही. माझ्या माहितीशिवाय नेली किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती हे मालकाने सिद्ध करायचं असतं. १६ वर्षांच्या पुढे लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. साधी अ‍ॅक्टिव्हासुद्धा त्यात बसत नाही. म्हणून पंचनाम्यात गाडी 'उभी होती' लिहिलंय की 'चालवत आला', हे बघा. भाऊजींनी कुठेही 'मीच दिली होती' असं लिहून देऊ नये, आणि खोटंही लिहू नये. वकिलाशी बोलल्याशिवाय काहीच लिहून देऊ नये.

दोन, एनडीपीएसच्या कलम ६० खाली माल वाहून नेलेली गाडी सरकारजमा होऊ शकते. पण त्यासाठी गाडीत माल हवा. माल खिशात आणि बॅगेत असेल तर मुद्दा कमजोर आहे. ज्या कोर्टात मुद्देमाल दाखवलाय तिथे सुपुर्दनाम्याचा, म्हणजे गाडी तात्पुरती मालकाच्या ताब्यात मिळण्याचा, अर्ज करा. आरसी, विमा, मालकाचं आधार, प्रतिज्ञापत्र, बंधपत्र लागेल. गाडी विकणार नाही, रंग बदलणार नाही, बोलावलं की हजर करीन, अशा अटी असतात. एनडीपीएसमध्ये जप्त वाहन तात्पुरतं सोडायला कायद्याची आडकाठी नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५ चा निकाल आहे, वकिलाला तो माहीत असेलच. लवकर करा, ठाण्याच्या आवारात उन्हापावसात गाडीचं भंगार होतं.


ओपीडी_बाहेरचा_बाक

कायद्याचं वर आलंच आहे. मी शरीराचं आणि डोक्याचं लिहिते.

छोट्या झिपच्या पिशव्या, गुंडाळलेली नोट, दोन रात्री जागरण आणि मग सलग झोप. हे गांजाचं चित्र नव्हे. गांजा ओढणारा सुस्त असतो, लाल डोळे, खायला मागतो, रोलिंग पेपर आणि लायटर सापडतात. तुम्ही सांगताय ते एमडीकडे, म्हणजे मेफेड्रोनकडे बोट दाखवतं. नाकाने ओढलेल्या एमडीचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो आणि लगेच पुन्हा घ्यावीशी वाटते, म्हणून एका रात्रीत चार-पाच वेळा घेतली जाते. जबडा आवळणं, ओठ चावणं, नाकातून रक्त किंवा सतत सर्दी, भूक मरणं, वजन उतरणं, कोणीतरी पाठलाग करतंय असा संशय, हे बघा. आणि कायद्यातला फरकही लक्षात असू द्या: गांजाला १ किलोपर्यंत अल्प मात्रा, एमडीला फक्त २ ग्रॅम, व्यापारी मात्रा ५० ग्रॅमलाच सुरू होते. पुढच्या वेळी खिशात गांजाऐवजी एमडी असली तर वरचं 'केस लहान आहे' हे वाक्य तसंच्या तसं लागू राहणार नाही.

मेडिकल स्टोअरमधून लघवी तपासायचं किट आणून बाथरूमबाहेर उभं राहू नका. साध्या किटमध्ये गांजा कळतो: क्वचित घेणाऱ्याचा तीन-चार दिवस, रोज घेणाऱ्याचा महिनाभरही. पण मेफेड्रोन बहुतेक किटवर दिसतच नाही. निगेटिव्ह आलं की घरचे सुटकेचा श्वास घेतात आणि पोरगा शिकतो की किटला फसवता येतं. उलट सर्दीच्या काही गोळ्यांनी अ‍ॅम्फेटामिनची पट्टी खोटी पॉझिटिव्ह येते, मग निष्कारण महाभारत. तपासणी हवीच असेल तर डॉक्टर सांगतील ती, लॅबमध्ये, आणि मुलाला आधी सांगून.

बंद केल्यावर काय होतं ते आत्ताच माहीत हवं. गांजा सुटल्यावर दुसऱ्या दिवसापासून चिडचिड, झोप उडणं, घाम, भूक नसणं. पहिल्या आठवड्यात जोर, साधारण दोन आठवड्यांत बरंच ओसरतं, झोप सुधारायला जास्त वेळ लागतो. एमडी सुटल्यावर आधी एक-दोन दिवस झोप आणि मग खोल उदासी. हीच वेळ धोक्याची. 'मला जगायचंच नाही' असं बोलणं, निरोपाची भाषा, हे नाटक समजू नका. त्या आठवड्यात त्याला एकटं झोपू देऊ नका; घरातली कीटकनाशकं, जुनी औषधं, आजोबांच्या झोपेच्या गोळ्या कुलपात ठेवा. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या (अल्प्राझोलम, नायट्राझेपाम) तोही रोज घेत असेल तर त्या अचानक बंद करायच्या नाहीत, फिट येऊ शकते. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरला विचारा की काय काय घेतोय, फक्त 'गांजा' सांगून थांबू नका.

छातीत दुखणं, अंग भट्टीसारखं तापणं, कोणालाही न ओळखणं, फिट, किंवा झोपेतून हलवूनही न उठणं: १०८ किंवा थेट कॅज्युअल्टी. तिथे 'काहीतरी खाल्लं असेल' म्हणू नका, माहीत असेल ते नाव सांगा. पोलिसांना कळेल या भीतीने घालवलेला अर्धा तास महाग पडतो. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी ओतू नका.

कुठे जायचं? मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, शिवाय छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. नातेवाईक बघतील म्हणून मनोरुग्णालयाचं नाव काढलं की घरचे बिचकतात, मग मेडिकल किंवा मेयोपासून सुरू करा, हरकत नाही. मुलगा नाही म्हणाला तर पहिल्यांदा आई-बाप एकटे जाऊ शकतात, आणि जावंच. फोनवर आधी बोलायचं तर टेली-मानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. मुलगा नशा करतो म्हणून ओपीडीतून पोलिसांना कळवत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायद्यात (२०१७) माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. ओपीडीचं कार्ड आणि प्रत्येक तारखेची नोंद जपून ठेवा, मंडळापुढे त्याचं मोल कोणत्याही विनवणीपेक्षा जास्त असतं.

गांजा किंवा एमडी सोडवणारी जादूची गोळी नाही. औषधं मिळतील ती झोपेसाठी, उदासीसाठी, संशय वाढला असेल तर त्यासाठी. खरं काम बोलण्याच्या सत्रांचं, आठवड्याला एक, निदान तीन-चार महिने. घरात कोणाला पूर्वी वेड्यासारखे झटके आले असतील (काका, आत्या, आजोबा) तर डॉक्टरला सांगायला लाजू नका. अशा घरातल्या मुलाला गांजाने भ्रमाचा आजार होण्याचा धोका जास्त असतो.

आणि ते रात्री उचलून नेणारं सेंटर. एकदम नाही. १८ खालच्या मुलाला भरती करायचं तर मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे पालकाचा अर्ज हवा आणि दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक तज्ज्ञ आणि दुसऱ्या डॉक्टर वा मानसिक आरोग्य व्यावसायिकाने, स्वतंत्रपणे तपासून भरती गरजेची आहे म्हटलं पाहिजे. मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं. पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण मुक्काम सोबत राहिली पाहिजे. ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. पालकाने संमती मागे घेतली की सोडायचं. 'सहा महिने भेटायचं नाही' म्हणणारी जागा या एकाच वाक्यात सांगतेय की ती कायद्याने चालत नाही. साखळीने बांधणं तर सरळ बंदीत आहे. सेंटरला चार प्रश्न विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा, मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि आठवड्यातून किती वेळा, अल्पवयीन मुलांचा कक्ष कुठे, आम्ही सोबत कुठे झोपायचं? चौथ्या प्रश्नाला बहुतेकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.


त्रिमूर्तीनगरचा_मामा

खूप उपकार. सेंटर रद्द झालं, भाऊजी घुम्यासारखे बसलेत पण ऐकलं. वकील साहेब, कुठेतरी वाचलं की स्वतःहून उपचार घेतले तर एनडीपीएसमध्ये केसच होत नाही. ते करायचं का? आणि घरी रोजचं वागायचं कसं? बाप एक तर मारतो नाही तर बोलतच नाही, मधलं काही नाही.


काळाकोट_सिव्हिललाइन्स

तुम्ही म्हणता ते कलम ६४अ. व्यसनी माणसाने सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेतले तर सेवनाच्या आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जातं. १९ वर्षांच्या मित्राच्या वकिलाने त्याचा जरूर विचार करावा. भाच्याच्या बाबतीत मला त्याची घाई दिसत नाही. त्यात 'मी व्यसनी आहे' हे कागदावर येतं, आणि मंडळाकडे त्याच वाटेने जायला बाल न्याय कायद्याचं कलम १८ आहे: समज देऊन सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या देखरेखीखाली परिविक्षा, सोबत व्यसनमुक्ती कार्यक्रमाचा आदेश. उपचार आजपासून घ्या, ६४अ चा अर्ज हातात राखून ठेवा.

पुढच्या आयुष्याची चिंता असेल तर बाल न्याय कायद्याचंच कलम २४: या प्रकरणामुळे त्याला कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि ठराविक काळाने नोंदी नष्ट करायच्या असतात. कलम ७४ प्रमाणे त्याचं नाव, फोटो, शाळा छापता येत नाही आणि निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी फोटो टाकला असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे.

पण हे सगळं १८ पूर्ण होईपर्यंतचं. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी केलेला तोच गुन्हा मोठ्यांच्या कोर्टात जातो. सात महिने आहेत हातात.


गोकुळपेठ_समुपदेशन

भाऊजींसाठी लिहितो, मामा, त्यांना वाचायला द्या.

मारल्याने पोरगा नशा सोडत नाही, घरी पकडलं जाणं सोडतो. आणि अबोला धरला की घरातली एकमेव खबर आईच्या रडण्यातून मिळते. मधलं जे आहे ते कंटाळवाणं आहे, पण चालतं.

नियम तीनच ठेवा, कागदावर. उदाहरणार्थ: रात्री ९ ला घरात, ओपीडी आणि सत्र चुकवायचं नाही, घरात नशा नाही आणि नशेत घरात वाद नाही. प्रत्येकाचा परिणाम आधी ठरलेला, छोटा आणि त्याच दिवशी लागू होणारा: दुसऱ्या दिवशी बाहेर जाणं नाही, दोन दिवस डेटा रिचार्ज नाही, असं. 'घराबाहेर काढीन' हा परिणाम नव्हे, कारण तुम्ही तो करणार नाही आणि त्याला ते माहीत आहे. पाळलं तर मिळणारंही लिहा: आठवडाभर ९ ला आला तर रविवारी क्रिकेटला सोडणार. शिक्षेपेक्षा हे जास्त काम करतं, बापांना पटत नाही ही गोष्ट वेगळी.

नशेत असताना बोलायचं नाही. उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, वीस मिनिटं, समोरासमोर न बसता. स्कूटरवर मागे बसवून फुटाळ्याऐवजी अंबाझरीचा एक फेरा मारा, नजर न भिडवता पोरं बोलतात. 'का केलंस' हा प्रश्न सोडा, त्याला उत्तर नसतं. 'केव्हा घ्यावीशी वाटते?' विचारा. डमी अ‍ॅडमिशनच्या पोरांचा धोक्याचा वेळ ठरलेला असतो: कोचिंगची सकाळची बॅच सुटल्यापासून संध्याकाळच्या टेस्टपर्यंत चार-पाच तास. घरचे समजतात कॉलेजात आहे, कॉलेज समजतं कोचिंगला आहे. तो वेळ भरा. जिम, मामाचं दुकान, ड्रॉइंग, काहीही, पण जिथे कोणी हजेरी घेतं असं.

पैसे रोख नको. यूपीआयवर ठरलेली रक्कम, आठवड्याची, आणि हिशोब एकत्र बघायचा. त्याला न सांगता फोन उघडू नका. 'दर रविवारी आपण व्यवहार बघणार' हे सांगून बघा. खोलीची कडी राहू द्या, कुलूप मात्र काढून टाका.

तो पुन्हा घेईल, बहुधा पहिल्या दोन महिन्यांतच. त्या दिवशी 'सगळं पाण्यात गेलं' म्हणायचं नाही. केव्हा, कोणाबरोबर, आधी काय झालं होतं, एवढं लिहायचं आणि पुढच्या सत्राला तो कागद न्यायचा.

परिविक्षा अधिकारी येईल तेव्हा घर सजवू नका. सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत द्यायचा असतो, त्यात घरात कोण कोण आहे, वेळ कसा जातो, शिक्षण, संगत, आई-बापाचं आपसातलं वागणं, सगळं येतं. 'आमचा मुलगा फार साधा, मित्रांनी बिघडवला' हे वाक्य ते रोज ऐकतात. वरचा नियमांचा कागद, ओपीडी कार्ड आणि आठवड्याचं वेळापत्रक दाखवा.


खडू_आणि_फळा

टीसीबद्दल. 'लेखी द्या, कारण लिहून' एवढंच म्हणा, बहुतेक विषय तिथेच थंडावतो. कॉलेजला या प्रकरणाची अधिकृत माहिती असायलाच नको, आणि तुम्हीही अर्जात केसचा उल्लेख करू नका, 'वैद्यकीय उपचार' लिहा आणि ओपीडीची प्रत जोडा. बारावीच्या मध्यावर टीसी घेतली तर नवीन कॉलेज मिळणं कठीण, बोर्डाचा फॉर्म अडकतो. अगदीच वर्ष गेलं तर १७ नंबर फॉर्म आहे, खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, पण तो शेवटचा पर्याय. प्रॅक्टिकलची सायन्सची पोरं तिथे जास्त अडकतात. वर्गशिक्षक बरा माणूस असेल तर त्या एकाला विश्वासात घ्या, स्टाफरूमला नको.


त्रिमूर्तीनगरचा_मामा

काल स्कूटरवरचा फेरा मारला (भाऊजी नाही, मीच. त्यांना जमेना). अंबाझरीपर्यंत काही बोलला नाही, परतताना बोलला. ११ हजारांची उधारी आहे. देणारा म्हणाला होता, पैसे नसतील तर कोचिंगच्या पोरांना पुड्या पोचवून फेड. दोनदा पोचवल्या म्हणतो. भाऊजी म्हणतात उद्या ११ हजार तोंडावर मारून येतो.


काळाकोट_सिव्हिललाइन्स

भाऊजींना थांबवा. तोंडावर मारायला जाणारा बाप दोनच गोष्टी करतो: मारामारीची दुसरी केस, किंवा 'हे घर पैसे देतं' हे त्याला शिकवणं. ११ चे पुढच्या महिन्यात २० होतात.

हे कळलं ते चांगलं झालं, आणि हे आता इथे याहून जास्त लिहू नका. कोणत्या तारखेला, कोणाला, किती, काहीही नाही. 

कायदा या ठिकाणी पोराच्या बाजूनेही उभा राहतो. मुलाला अंमली पदार्थ पोचवायला किंवा विकायला लावणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड, मुलाला नशा देणाऱ्याला कलम ७७ खाली तेवढंच, आणि मुलाकडून गुन्हा करवून घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ खाली किमान ३ वर्षं. शिवाय नशेच्या धंद्यात ओढला जाण्याचा धोका असलेलं मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' या व्याख्येत येतं, म्हणजे बाल कल्याण समितीचा दरवाजाही उघडतो. पण 'मी पोचवल्या' हे वाक्य चुकीच्या जागी, चुकीच्या क्रमाने निघालं तर त्याच्यावरच उलटतं. म्हणून क्रम असा: आधी वकील, मुलाला घेऊन, बंद खोलीत. मग काय, कोणापुढे आणि कोणत्या स्वरूपात सांगायचं ते वकील ठरवेल. उधारीचे मेसेज, धमकीचे कॉल, यूपीआयच्या नोंदी जशाच्या तशा राहू द्या. तो माणूस घरापर्यंत आला किंवा धमकी दिली तर ११२. नाव न सांगता विक्रेत्याची माहिती द्यायची तर १९३३, ती हेल्पलाइन एनसीबीची (केंद्राच्या अंमली पदार्थ नियंत्रण विभागाची) आहे, पण तोही फोन वकिलाशी बोलल्यावर.

कोचिंगची बॅच उद्यापासून बदला, शक्य तर शाखाच बदला. ने-आण तुम्ही किंवा भाऊजी करा, निदान पेशीपर्यंत.


ओपीडी_बाहेरचा_बाक

आणि उधारी कबूल केलेल्या पोराला आज रात्री एकटं झोपवू नका. ओझं उतरलं असं आपल्याला वाटतं, त्याला आता धमकीची भीती आणि बापाची शरम दोन्ही आहेत. तुम्ही त्याच्या खोलीत गादी टाका. सकाळी नऊच्या आत मेडिकलच्या ओपीडीच्या रांगेत, जन्मदाखल्याची झेरॉक्स आणि आधार बरोबर घ्या. वकिलाची वेळ दुपारची घ्या.


त्रिमूर्तीनगरचा_मामा

गादी टाकली. उद्या मेडिकल.